सूक्ष्मवाहिनीजन्य हृद्‌शूल

हृदयाच्या मोठ्या रोहिण्यांत, म्हणजे हृदयस्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्यांत, लक्षणीय अवरोध नसताना त्यांच्या पुढील सूक्ष्म वाहिन्यांच्या बिघाडामुळे रक्तपुरवठा अपुरा पडून छातीत जी वेदना उद्भवते, तिला सूक्ष्मवाहिनीजन्य हृद्‌शूल म्हणतात. अँजिओग्राफीत, म्हणजे रंजकद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रणात, सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसत नाहीत. मात्र हृदयस्नायूच्या रक्तप्रवाहाचे नियमन मुख्यत्वे त्याच करत असल्याने केवळ ‘ब्लॉकेज नाही’ या अहवालावरून हृदय निर्दोष ठरवता येत नाही.

अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ हार्वे केम्प यांनी 1973 मध्ये या विकाराला ‘सिंड्रोम एक्स’ असे संबोधले, तेव्हा त्याचे कारण उलगडलेले नव्हते. अमेरिकेत 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘वाइझ’ या स्त्रियांवरील अभ्यासातून पुढे असे दिसून आले, की अवरोध नसलेल्या अनेक स्त्रियांच्या सूक्ष्म वाहिन्या सदोष असतात आणि त्यांना हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो.

या विकारात वाहिन्यांचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड हे वाहिनी शिथिल करणारे द्रव्य पुरेसे निर्माण करत नाही किंवा वाहिन्यांच्या भित्ती जाड होतात. त्यामुळे श्रमाच्या वेळी रक्तप्रवाह गरजेइतका वाढत नाही. जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते आणि थांबल्यावरही वेदना बराच वेळ रेंगाळू शकते. मोठ्या रोहिणीच्या आकुंचनामुळे होणारा, प्रिंझमेटल यांनी 1959 मध्ये वर्णन केलेला हृद्‌शूल मात्र बहुधा विश्रांतीत, विशेषतः रात्री किंवा पहाटे उद्भवतो.

निदानासाठी रोहिणीत संवेदक असलेली बारीक तार घालून अ‍ॅडेनोसिन या औषधाने प्रवाह किती पटींनी वाढतो ते मोजतात. त्यानंतर अ‍ॅसिटिलकोलिन सोडले असता निरोगी वाहिनी रुंदावते, तर सदोष वाहिनी आकुंचन पावते. आम्लपित्त, छातीच्या स्नायूंचे दुखणे इत्यादी कारणांचाही विचार करावा लागतो.

येथे स्टेंट बसवून उपयोग होत नाही. सूक्ष्म वाहिन्यांच्या बिघाडात बीटारोधक, तर आकुंचनात कॅल्शियमरोधक औषधे प्राधान्याने देतात. रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण आणि धूम्रपानत्यागही आवश्यक असतो. स्कॉटलंडमधील ‘कॉरमिका’ या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा तपासणीने नेमके कारण ओळखून उपचार केल्यास रुग्णांचा हृद्‌शूल कमी होतो, असे आढळले. म्हणूनच अँजिओग्राफी स्वच्छ असूनही वेदना कायम राहिल्यास तिचे कारण शोधणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.