पदरचे आणि पुराव्याचे

ज्ञानकोश कोणी लिहावा हा प्रश्न जुना आहे. विद्वानांनी लिहावा, असे त्याचे उत्तर बरीच वर्षे दिले गेले. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्याने उत्तर फिरवले: ज्याला लिहावेसे वाटेल त्याने लिहावे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. कामगारदिनाची ही तारीख आम्हा चळवळीतल्या माणसांना आपली वाटली तर नवल नाही. परंतु दार सर्वांना उघडले की दोन प्रश्न उंबऱ्यातच उभे राहतात. आलेला माणूस सांगतो ते कशावरून? आणि तसे सांगण्यात त्याचा स्वतःचा लाभ किती? नव्या संपादकाला मदत करणे म्हणजे हे दोन प्रश्न त्याला स्वतःलाच विचारायला शिकवणे. हे प्रश्न संगणकाबरोबर जन्मले नाहीत, म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

फ्रान्समध्ये दिदेरो याचा विश्वकोश १७५१ पासून निघू लागला. मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ खंड पुरे व्हायला १७७२ साल उजाडले. दिदेरो हा चाकूसुऱ्या करणाऱ्या कारागिराचा मुलगा. हस्तव्यवसायांची माहिती त्याने केवळ पुस्तकांतून उचलली नाही. ती कारखान्यांतून आणि कारागिरांकडून मिळवली. असा हा मोठा उद्योग; पण १७६४ साली दिदेरोला कळले की, त्याचा मुद्रक-प्रकाशक ल ब्रतों हा सरकारच्या धास्तीने मुद्रितांतला धारदार मजकूर गुपचूप कापीत होता. त्याचे भांडवल अडकले होते, हे आपण समजू शकतो. दोष कापण्यात होताच; पण लपवून कापण्यात तो अधिक होता.

आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग सिद्ध केले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, संदर्भग्रंथ असतात. वाचक त्या नावावर आणि मंडळावर विसंबतो. विकिपीडियात नाव टोपण असू शकते, म्हणून तेथे भरवसा माणसावरून उचलून आधारावर ठेवावा लागला. प्राध्यापक असो की गिरणीतला साचेवाला, दोघांनाही एकच विचारणा: कोणते पुस्तक, कोणते पान?

ही सक्ती केवळ नियमावलीसाठी नाही. जॉन सीगेनथेलर हे अमेरिकेतले वृत्तपत्रकार. १९६० नंतरच्या काळात ते रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक होते. केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे वाक्य मे २००५ मध्ये एका निनावी माणसाने विकिपीडियात घातले. लिहिणाऱ्याच्या लेखी ती थट्टा होती. पण ते वाक्य चार महिने तसेच राहिले, कारण आधार कोणी विचारलाच नाही. पुढे जिवंत व्यक्तींविषयी लिहिण्याचे नियम कडक झाले, ते यातून.

आता आमच्या घरचे उदाहरण घेऊ. नारायण मेघाजी लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ चालवीत. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार सह्यांचे निवेदन केले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. इथपर्यंत ठीक. परंतु बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची स्थापना केव्हाची? काही ग्रंथ १८८४ म्हणतात, काही १८९०. नवा संपादक येतो आणि आपल्याला आवडते ते साल ठोकून देतो. त्याने येथे न्यायाधीश होऊ नये. अमुक ग्रंथ असे म्हणतो, तमुक तसे म्हणतो, हे पानांसह लिहावे. कागद पाहून स्वतः नवा निष्कर्ष काढावासा वाटला, तर तो आधी लेख म्हणून दुसरीकडे छापावा. ज्ञानकोश हे शोध लावण्याचे ठिकाण नव्हे.

येथे आमचे लोक रागावतात, आणि त्यांच्या रागात तथ्य आहे. मालकांजवळ छापील अहवाल असतात, कामगारांजवळ आठवणी. आधाराचा नियम म्हणजे मग मालकाच्याच हाती लेखणी! यावर उपाय नियम मोडणे हा नाही. आठवणी छापून घेणे हा आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांकडून ऐकलेला इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जे चाळीत बोलले जात होते, ते त्या दिवशी आधार म्हणून दाखवता येऊ लागले. असे ग्रंथ आणखी हवेत.

दुसरा प्रश्न हितसंबंधाचा. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या तरुणाने एक साधन तयार केले. निनावी फेरफार कोणत्या संस्थेच्या जाळ्यातून झाले, ते त्यातून दिसू लागले. अनेक कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या उघड्या पडल्या. २०१४ पासून पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करावे, ही अट वापराच्या शर्तींत आली. कंपन्यांची नावे वाचून आपण खूश होतो. पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाची नोंद कोणी लिहावी? मालकसंघाच्या नोकराने नको, हे आपण चटकन म्हणतो. मग युनियनच्या चिटणीसानेही नको. त्याने चर्चापानावर जावे, आपण कोण ते सांगावे, दुरुस्ती सुचवावी, आधार द्यावा आणि निर्णय इतरांवर सोपवावा. युनियनचा अहवाल पदाधिकाऱ्यांच्या नावांपुरता चालेल; तिच्या थोरवीचा पुरावा म्हणून चालणार नाही. यात अपमान नाही. सभेचे हिशेब खजिनदार स्वतः तपासत नाही, तसेच हे.

नवख्याला हे कोणी सांगितले नाही तर काय होते? जुन्या मुंबईत बदलीच्या रांगेतला नवा गडी जॉबरला दस्तुरी देई, कारण आत शिरण्याची दुसरी वाट त्याला ठाऊक नसे. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने ३८१ खाती बंद केली. ती माणसे छोटे धंदेवाले आणि कलावंत यांना गाठीत. त्यांचे लेख नाकारले गेलेले असत. पैसे द्या, लेख लावतो, आणि पुढे राखतोही, असे त्यांना सांगितले जाई. ही दस्तुरीच! दलाल तेथेच फोफावतो जेथे नवख्याला नियम कळत नाही आणि जुना माणूस नीट बोलत नाही. म्हणून २०१२ मध्ये तेथे ‘टीहाऊस’ उघडले गेले, म्हणजे नवख्यांनी निःसंकोच विचारावे आणि जुन्यांनी सौजन्याने सांगावे, अशी जागा.

आमचे सांगणे एवढेच की, नव्या माणसाचे वाक्य काढून टाकणे एका क्षणाचे काम आहे. ते का काढले आणि कोणत्या आधाराने राहिले असते, हे सांगायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे द्यावीत. युनियनची पावती फाडताना नव्या सभासदाला घटना समजावून सांगतो, तो वेळ आम्ही कधी फुकट गेला असे मानले नाही.