जहाज कशावर उभं राहतं?

गोंदियात बसून जहाजबांधणीवर बोलायचं म्हणजे अनेकांच्या भुवया उंचावणार, हे आम्ही गृहीतच धरलं आहे. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही. वैनगंगा आहे, बाघ आहे, नवेगावबांध आणि बोदलकसा आहे, शिवाय माजी मालगुजारी तलाव आहेत. आणि या तलावांवर ढिवर बांधवांचा डोंगा आहे. जुना डोंगा म्हणजे एका मोठ्या बुंध्याचं पोट कोरून केलेली नाव. तो कोरताना बुंधा जमिनीवर नीट टेकवला, दोन्हीकडून पाचरी मारल्या, की काम सुरू. लाकूड मुळातच एकसंध, त्यामुळं त्याला सरळ धरून ठेवायला वेगळं काही लागत नाही.

अडचण सुरू होते ती नाव तुकड्यांची झाली की. कणा वेगळा, फासळ्या वेगळ्या, फळ्या वेगळ्या. हे सगळे तुकडे एकमेकांना धरू लागेपर्यंत त्यांना कोणी धरायचं? आजचं व्याख्यान या एका प्रश्नाचं आहे.

घराचा स्लॅब टाकताना सेंट्रिंग लावतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. खाली बल्ल्या, वर प्लेटा. काँक्रीट स्वतःच्या पायावर उभं राहायला लागलं की सेंट्रिंग निघतं आणि दुसऱ्या घरी जातं. वास्तुशांतीला त्याची आठवण कोणी काढत नाही. जहाजाचं सेंट्रिंग म्हणजे स्लिप. मोठ्या जहाजांच्या बाबतीत हा पाण्याच्या दिशेनं उतरता केलेला पाया. त्यावर लाकडी ठोकळ्यांची रांग, रांगेवर जहाजाचा कणा, दोन्ही बाजूंना टेकू. जहाज तयार झालं की घसरपट्टीला चरबी फासायची, टेकू पाडायचे आणि जहाज स्वतःच्या वजनानं पाण्यात जायचं. म्हणजे स्लिपची कामं दोन: आधी घट्ट धरणं, मग वेळेवर सोडणं. हौशी लोक लाकडी जहाजाची लहान प्रतिकृती करताना जी 'बिल्डिंग स्लिप' वापरतात, तिला यातलं पहिलंच काम असतं. दुसरं नसतं, म्हणून तिला उतार नसतो. ती सपाट पाटावर असते.

आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळी सध्या अशाच एका स्लिपच्या नादी लागलो आहोत. पण तिच्याकडं वळण्याआधी कोकणात जाऊन यावं लागेल.

1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते. त्यांचा प्रमुख रुई लैताव व्हिएगस. ही जहाजं उद्या आपल्याच विरुद्ध उभी राहतील, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. त्यांनी या मंडळींचं मन वळवलं आणि 1659 मध्ये ती बायकामुलांसह गुपचूप काम सोडून निघून गेली. आरमाराचा इतिहास सांगताना हा प्रसंग आपण एका वाक्यात उरकतो आणि पुढं सिंधुदुर्गाकडं धावतो. आम्हाला मात्र तिथं थोडं थांबावंसं वाटतं. माणसं निघून गेली त्या सकाळी खाडीच्या काठी काय उरलं असेल? कणे, फासळ्या, टेकू आणि अर्धी जहाजं. ज्ञान माणसाच्या डोक्यात आणि हातात असतं तेव्हा ते त्याच्याच पायांनी चालत निघून जाऊ शकतं. पण कणा ठोकळ्यांवर सरळ उभा असेल, फासळ्या जागच्या जागी असतील, तर राहिलेल्या माणसाला पुढची फळी कुठं बसते हे निदान दिसतं तरी. पुढं महाराजांचं आरमार वाढत गेलं, ही गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण घ्या. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी खडक कोरून केलेली जुनी गोदी आहे. लांबी शंभर मीटरच्या वर. मराठ्यांच्या आरमाराची गलबतं तिथं बांधली जात, दुरुस्तीला येत. गोदी अजून आहे, कारण ती खडकाची आहे. पण तिथं ठोकळे कसे मांडायचे, टेकू किती अंतरावर लावायचे, भरतीचं पाणी केव्हा आत घ्यायचं, हे जाणणारे हात गेले. कल्याणला माणसं गेली आणि वस्तू राहिली, तीही पुढं कुजून गेली. विजयदुर्गाला दगड राहिला आणि विद्या गेली. आपला जहाजबांधणीचा इतिहास या दोन्ही रिकाम्या जागांमध्ये सापडतो आणि तिथंच हरवतोही.

इथं एक तांत्रिक मुद्दा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जहाज बांधायच्या दोन रीती. युरोपातल्या मोठ्या जहाजांची रीत अशी की आधी कण्यावर सगळ्या फासळ्या उभ्या करायच्या, मग त्यांवर फळ्यांचं अंग चढवायचं. आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत बरीचशी उलटी. कणा ठेवायचा (कोकणात त्याला पठाण म्हणतात), त्याला फळीला फळी जोडत नावेचं अंग वर न्यायचं आणि मग आतून फासळ्या बसवायच्या. पहिल्या रीतीत नावेचा आकार फासळ्या ठरवतात. फासळ्यांचा आकार ठरतो कागदावर, आणि त्या काटकोनात उभ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी खालच्या स्लिपची, टेकूंची. दुसऱ्या रीतीत आकार कारागिराच्या डोळ्यात असतो. तिथं स्लिप फक्त कण्यापुरती.

'आमचे कारागीर कागदाशिवाय जहाज बांधत' असं आपल्याकडं मोठ्या अभिमानानं सांगतात. अभिमान असावा, आमचं त्याला काही म्हणणं नाही. पण त्याची किंमतही सांगावी. डोळ्यातला आकार मुलाला द्यायचा तर मुलगा वीस वर्षं शेजारी उभा राहावा लागतो. तो मुंबईला नोकरीला गेला की संपलं. अर्थात कागदाचीही फजिती होतेच. तिचं एक छान उदाहरण मुंबईतच घडलं आहे.

लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. तिथली पहिली कोरडी गोदी 1750 च्या सुमाराची. कोरड्या गोदीची युक्ती स्लिपपेक्षा वेगळी. दरवाजा बंद करून पाणी उपसायचं, तळाशी ठोकळ्यांवर जहाज बांधायचं, आणि मोठ्या भरतीला दरवाजा उघडला की जहाज जागच्या जागी तरंगतं. घसरणं नाही, चरबी नाही. नेपोलियनच्या युद्धांमुळं इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश नौदलानं मुंबईच्या सागवानाकडं मोहरा वळवला. 1812 मध्ये 'त्रिंकोमाली' या लढाऊ जहाजाची मागणी नोंदवली गेली. नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून हिंदुस्थानाकडं निघाले. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं 'जावा'चा पाडाव केला आणि नकाशे गेले. दुसरी प्रत येईपर्यंत थांबावं लागलं. मुंबईत सागवान होतं, गोदी होती, जमशेटजी बमनजी वाडियांसारखा उस्ताद होता, तरी कागद नाही म्हणून कणा ठेवता येईना! शेवटी 1816 मध्ये रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकून कणा ठेवला आणि 12 ऑक्टोबर 1817 ला जहाज पाण्यात गेलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली, आणि त्याच्या अंगात आपल्या सागाचा मोठा भाग अजून शाबूत आहे.

आमचा मूळ विषय तत्त्वज्ञान, तेव्हा थिसियसचं जहाज आता येणार हे तुम्ही ओळखलंच असेल. प्लूटार्कनं सांगितलेली गोष्ट. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज जपून ठेवलं. एकेक फळी कुजली की नवी घालायची. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज म्हणायचं का? हॉब्जनं 1655 मध्ये त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कोणी दुसरं जहाज जोडलं, तर खरं कोणतं? आपल्याकडं मिलिंदप्रश्नात नागसेन रथाबद्दल हेच विचारतो. रथ म्हणजे चाकं का, आस का, दांडी का? चाळीस वर्षं आम्ही हे प्रश्न वर्गात घेतले. यात एक गोष्ट कधी कुणी विचारत नाही. फळी बदलताना ते जहाज उभं कशावर होतं? एक फळी काढली की शेजारच्या फळ्या सैल होतात, अंग वाकतं. त्या वेळी आकार जहाजाच्या बाहेर असतो, टेकूंमध्ये असतो. 'तेच जहाज' राहण्याचं श्रेय जहाजाबाहेरच्या, कुठल्याच यादीत न मोजलेल्या लाकडाला आहे. 'त्रिंकोमाली'ची हार्टलपूलला दुरुस्ती झाली तेव्हाही ती आधारांवरच उभी होती. तत्त्वज्ञांनी सुताराला विचारायला हवं होतं, असं आम्हाला हल्ली वाटू लागलं आहे.

तर आता आमची स्लिप. जहाज निवडलं 'त्रिंकोमाली'च, प्रमाण 1:96. मूळ जहाजाचा तोफांचा मजला सुमारे 150 फूट, म्हणजे पावणेसेहेचाळीस मीटर. आमच्या पाटावर तो 48 सेंटिमीटरच्या आत येतो. या प्रमाणात 1 मिलिमीटरची चूक म्हणजे मूळ जहाजात साडेनऊ सेंटिमीटर. एवढी वाकडी फासळी जमशेटजींनी पाहिली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

स्लिप सुट्या भागांत आली. एमडीएफचा पाट, त्यात लांब खाचा. मधोमध दोन पट्ट्या, त्यांच्या चिमट्यात जहाजाचा कणा धरायचा. मग काटकोनी खांबांच्या जोड्या. त्या खाचेतून पुढं-मागं सरकतात आणि बोल्टनं आवळल्या जातात. प्रत्येक फासळीला दोन्ही बाजूंनी एकेक खांब. जोडणी तासाभराची. पण जोडणीनंतरची तपासणी दोन दिवसांची, आणि खरं काम तेच. मधल्या पट्ट्या सरळ आहेत का हे एका टोकाला डोळा लावून, ताणलेल्या दोऱ्याशी ताडून पाहायचं. मग प्रत्येक खांबाला सुताराचा गुण्या लावायचा. खांब पाटाशी काटकोनात नसेल तर तो फासळीला मोठ्या इमानदारीनं वाकडीच धरून ठेवणार. वाकड्या स्लिपपेक्षा स्लिप नसलेली बरी, कारण मग निदान डोळे उघडे राहतात.

बदल काही करावेच लागले. पाट 45 सेंटिमीटरचा होता, जहाज त्याहून लांब. म्हणून खाली सागाच्या दोन लांब पट्ट्या स्क्रूनं बसवून पाट वाढवला. त्याचा दुसरा फायदा असा की आमच्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफ ओल धरून फुगतं, या पट्ट्या त्याला वाकू देत नाहीत. साग जुन्या दाराच्या चौकटीचा घेतला. जे लाकूड पन्नास पावसाळे पाहून झालं आहे ते आता हलणार नाही. गोंद मुद्दाम वापरला नाही. स्क्रू परत काढता येतो. कण्याच्या चिमट्यात आतून पातळ बूच लावलं, म्हणजे आवळताना कण्यावर वण पडत नाहीत आणि जाडीतला थोडा फरकही सामावतो. मागच्या टोकाला सुकाणूच्या खांबासाठी पट्ट्या कापून जागा केली.

एक मर्यादा मात्र कुठल्याच बदलानं जात नाही. फळ्या कण्याजवळ बसवायची वेळ आली की चिमटाच आड येतो. तिथं जहाज उचलून उलटं करावं लागतं, दुसऱ्या मऊ पाळण्यात. म्हणून उलटं करण्याआधी वरून निदान चार-पाच फळ्या दोन्ही बाजूंनी बसलेल्या हव्यात, आणि त्याही आळीपाळीनं, एक डावी, एक उजवी. एका बाजूच्या सगळ्या फळ्या आधी लावल्या तर ताणानं कणा केळ्यासारखा वाकतो. हा नियम मुंबईच्या गोदीलाही होता आणि जेवणाच्या टेबलालाही आहे.

जुन्या रीतीचं काय, असा प्रश्न तुमच्यातून येईलच. त्याचं ताजं उत्तर गोव्यात मिळालं आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज तिथं बांधलं गेलं. सप्टेंबर 2023 मध्ये कणा ठेवला, मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या हाताखाली काथ्याच्या दोरीनं फळीला फळी शिवली. अशा जहाजाचा नकाशा कुठंच नव्हता, म्हणून आधी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीची पाण्यातली चाचणी घेतली. म्हणजे हातातली विद्या आणि मोजमापाची विद्या एकमेकींच्या शेजारी बसल्या. कल्याणला 1659 मध्ये जे जमलं नाही, ते हेच.

आमचं पुढचं काम कोकणी पद्धतीच्या गलबताचं आहे, आधी फळ्या आणि मग फासळ्या. त्याला सध्याचे खांब चालणार नाहीत, कारण त्यांनी धरायला सुरुवातीला फासळीच नसते. त्यासाठी खांब सगळे काढून फक्त मधला चिमटा ठेवायचा आणि पुठ्ठ्याचे चार तात्पुरते साचे उभे करायचे, फळ्या वर चढतील तसे एकेक काढून घ्यायचे. साच्यांचा आकार कुठून आणायचा, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, नकाशा कशाला, नवेगावबांधला जाऊन आधी डोंग्याच्या पोटावरून हात फिरवून या.