फॉरमॅट मारल्यावर काय उरते?

‘फॉरमॅट मारणे’ हा मराठीतला तसा नवा वाक्प्रयोग. शिक्का मारावा, रंधा मारावा, तसा फॉरमॅट मारायचा. संगणक मंदावला, त्यात व्हायरस शिरला, पडदा निळा होऊन यंत्र पुन्हापुन्हा बंद पडू लागले, की दुरुस्ती करणारा एकच उपाय सांगतो: हार्ड डिस्क पुसायची आणि विंडोज नव्याने टाकायची. तासा-दोन तासांत यंत्र कोरे करकरीत होते. पण ते खरोखर कोरे होते का, आणि कोरे करताना नेमके काय जाते, हे तपासले तर उलटाच हिशेब हाती येतो. जे जावे असे वाटते ते बरेचदा राहते, आणि जे राहावे ते जाते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या हिशेबाची किंमत बोलीलाही मोजावी लागते.

पुसून पुन्हा लिहिण्याची रीत आपल्याला नवी नाही. धूळपाटीवर अक्षरे गिरवून पिढ्या शिकल्या. ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्यातूनच आला. पाटीवरच्या आकडेमोडीला संस्कृतात ‘धूलिकर्म’ म्हणत, आणि अरबी गणितातही तिची ओळख ‘गुबार’, म्हणजे धूळ, या शब्दानेच राहिली. दहाव्या शतकात दमास्कसमध्ये अल्-उक्लिदिसी याने धुळीऐवजी शाई-कागदावर गणित करण्याच्या रीती लिहून ठेवल्या. धुळीवर हात फिरला की अक्षर गेले, मागची पायरी तपासायची सोय नाही. हार्ड डिस्कचे तसे नाही.

चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवणारा पहिला संगणक आयबीएमने सप्टेंबर १९५६ मध्ये बाजारात आणला. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. १९८३ मध्ये त्याच कंपनीच्या पीसी एक्सटी या मेजावरच्या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क आली. डिस्क लहान होत गेली, पण रचनेचे तत्त्व तेच राहिले: एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे तो कोठे ठेवला आहे हे सांगणारी अनुक्रमणिका. झटपट फॉरमॅट फक्त ही अनुक्रमणिका नवी करतो. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने जागेवरच राहावीत, तसा हा प्रकार. म्हणून तर १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्ये ‘अनफॉरमॅट’ अशी आज्ञाही देता आली. विंडोज एक्सपीपर्यंत पूर्ण फॉरमॅटसुद्धा जुन्या मजकुरावर काही लिहीत नसे. डिस्कवरच्या खराब जागा शोधण्यात त्याचा वेळ जाई. व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहू लागला.

याचा अर्थ काय होतो, ते २००३ मध्ये एमआयटीच्या सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत यांनी दाखवून दिले. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ डिस्क विकत घेतल्या. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. उरलेल्यांवर पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक सापडले. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर गावाची आधार कार्डे, सातबारे, जातीचे दाखले स्कॅन होऊन पडलेले असतात. तो संगणक फॉरमॅट मारून विकला, तर कागदही त्याच्याबरोबर जाण्याची शक्यता असते.

ही झाली हिशेबाची एक बाजू. दुसरी बाजू समजायला भंडाऱ्यात यावे लागेल. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा जिल्हा सात तालुक्यांचा उरला. तालुक्याच्या गावी संगणक रुळला तो साधारण याच सुमारास. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. लग्नपत्रिका, अर्ज, नाटकांची पत्रके आणि कवितासंग्रह डीटीपीच्या दुकानांत जुळू लागले. व्हायरसमुळे फॉरमॅट ही नित्याची गोष्ट झाली. अनुभवातून एक शहाणपणही रुजले: विंडोज असलेला ‘सी’ ड्राइव्ह पुसायचा, आपले काम ‘डी’मध्ये ठेवायचे.

इंग्रजीसाठी हे शहाणपण पुरेसे होते, मराठीसाठी नव्हते. त्या काळचा मराठी मजकूर मराठी अक्षरांत साठवला जातच नसे. कृतिदेव फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, की फाइलमध्ये ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरे जात. त्यांना देवनागरीचे रूप देई तो फॉन्ट. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची जुळणी निराळी. मजकूर ‘डी’मध्ये सुखरूप राही, फॉन्ट मात्र विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे ‘सी’मध्ये असे. फॉरमॅटमध्ये कुलूप वाचायचे आणि किल्ली जायची.

यावरचा उपाय तोवर निघालेला होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये पक्के झाले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० मध्ये युनिकोडचा ‘मंगल’ फॉन्ट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे मराठीतले कवी आणि सुलेखनकार. पण छपाईचे काम पेजमेकरवर चाले आणि पेजमेकरला युनिकोडची देवनागरी जमत नसे. त्यामुळे दुकाने जुन्याच फॉन्टांवर राहिली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आजच्या इनडिझाइनमध्ये तिच्या फाइली उघडत नाहीत.

नेमक्या याच काळात झाडीबोली कागदावर येत होती. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या चळवळीने या बोलीला लेखक दिले, संमेलने दिली. मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकाची फाइल गेली तरी पुस्तक अनेक ग्रंथालयांत सापडते. थोड्या प्रतींच्या झाडीबोलीच्या पुस्तकाला तो आधार नसतो. छापील प्रत हाती लागली, तर नव्याने टाइप करता येईल, हे खरे. पण झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. तिथे पाणी ‘पानी’ असते आणि डोळा ‘डोरा’. प्रमाण मराठीला सरावलेला हात, किंवा मोबाइलचा शब्द सुचवणारा कळफलक, ‘पानी’ला सहज ‘पाणी’ करतो. त्याच्या लेखी ती दुरुस्ती. बोलीच्या लेखी ते पुसणे. फॉरमॅटनंतर डिस्कवर निदान खुणा राहतात, अशा दुरुस्तीनंतर त्याही राहत नाहीत.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी विंडोज न पेलणारी असंख्य यंत्रे आता पुसली जातील, विकली जातील. ज्यांच्या कपाटात किंवा दुकानात जुना संगणक आहे, त्यांनी आधी ‘सी’मधले फॉन्टांचे फोल्डर उतरवून घ्यावे. जुन्या फाइली उघडतात तोवर त्यांच्या, फॉन्ट आत बसवलेल्या, पीडीएफ कराव्यात. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यास ते बोली जाणणाऱ्या माणसाकडून मुळाशी ताडून घ्यावे. एवढे झाले की मग डिस्क खरोखर पुसावी. तबकडीच्या डिस्कवर सर्वत्र एकदा शून्ये लिहिली तर सहसा पुरते. एसएसडीला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. हा क्रम चुकू नये, कारण फॉन्ट उतरवून घेण्याची संधी फॉरमॅटच्या आधीच असते.