'पार्टिशन' : एका शब्दाचे अर्थ आणि १९४७

प्रस्तावना
इंग्रजीतील 'पार्टिशन' हा शब्द मराठी भाषकांना अपरिचित नाही. खोलीतील लाकडी आडोसा, न्यायालयातील वाटणीचा दावा आणि १९४७ मधील देशाची फाळणी, या तिन्ही ठिकाणी तो योजला जातो. मराठीतील 'फाळणी' हा शब्दही जमिनीच्या अभिलेखांत पोटहिश्शांच्या मोजणीसाठी रूढ आहे. मालमत्तेच्या व्यवहारातील हा शब्द राजकीय घटनेस लावल्याने काय साधले व काय झाकले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्यातील अर्थ
वाटणीच्या कायद्यात समाईक मालमत्ता, सहहिस्सेदार व त्यांचे हिस्से गृहीत असतात. मिताक्षरा परंपरेत प्रथम कुटुंबाचा एकत्रपणा संपुष्टात येतो. मोजमाप करून सरस-निरस मानाने होणारे प्रत्यक्ष वाटप नंतरही होऊ शकते. ज्या मालमत्तेचे तुकडे करणे सोयीचे नसते, तिचाही विचार कायद्याने केला आहे. १८९३ च्या पार्टिशन ॲक्टनुसार, निम्मा किंवा अधिक हिस्सा असणाऱ्यांनी विनंती केल्यास न्यायालय अशी मालमत्ता विकून रक्कम वाटण्याचा आदेश देऊ शकते.

राजकीय वापर
१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगाल प्रांताचे विभाजन अमलात आले. शासनाने प्रशासकीय सोयीचे कारण देऊन त्यास 'पार्टिशन' म्हटले. विरोधकांनी 'वंगभंग' म्हटले. एकाच घटनेच्या या दोन नावांत वाटप आणि मोडतोड असा अर्थभेद आहे. १९११ मध्ये हे विभाजन रद्द झाल्याची घोषणा झाली.

१९४७ मध्ये 'पार्टिशन कौन्सिल'ने सरकारी मालमत्ता, सैन्य व देणी यांची वाटणी हाती घेतली. शिलकी रोकडीतील पाकिस्तानचा हिस्सा ७५ कोटी रुपये ठरला. येथे शब्दाचा कायदेशीर अर्थ यथार्थ होता. भूमीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. सीमा आखण्यासाठी सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै रोजी भारतात आले. त्यांचा निवाडा स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्ट रोजी प्रसिद्ध झाला. म्हणजे एकत्रपणा आधी संपला व हद्द मागाहून कळली. कुटुंबाच्या वाटणीत हा क्रम सहसा निभावून जातो. पंजाबात मात्र आपले गाव कोणत्या देशात, हे न कळताच लोक हिंसाचारास सामोरे जात होते.

सिंधचे उदाहरण अधिक बोलके आहे. तो संपूर्ण प्रांत पाकिस्तानात गेला. त्याच्या भूमीवर विभाजनाची रेषा ओढली गेली नाही. तरीही बहुसंख्य सिंधी हिंदूंना घरदार सोडावे लागले. त्यांपैकी अनेकांना कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला व तेथेच पुढे उल्हासनगर वसले.

निष्कर्ष
'पार्टिशन' या शब्दाने १९४७ च्या घटनेस हिशेबाची भाषा दिली. रोकड व सैन्य यांचे हिस्से त्या भाषेत मांडता आले. परंतु ज्यांच्या जीविताची व निवासाची उलथापालथ झाली, ते या वाटणीत हिस्सेदार म्हणून उभे नव्हते. म्हणून या कालखंडाच्या अध्यापनात 'फाळणी'सोबत 'विस्थापन' हा शब्दही तितक्याच आग्रहाने वापरणे आवश्यक ठरते.