असईचा सेनापती आणि कॅथलिकांचा कायदा

घुग्घुसहून वणीकडे जाताना आम्ही वर्धा नदी ओलांडतो, तेव्हा एक जुनी सरहद्दही ओलांडीत असतो. १८०३ साली असई, अडगाव व गाविलगड येथे मराठी फौजांचा पराभव करून मेजर जनरल आर्थर वेलस्लीने १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा तह केला. वर्धेपलीकडचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला.

हाच वेलस्ली १८०६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद, पुढे वेलिंग्टनचा ड्यूक व १८२८ साली पंतप्रधान झाला. त्याच वर्षी आयर्लंडमधून डॅनियल ओकॉनेल हे कॅथलिक निवडून आले. परंतु आपल्या श्रद्धेविरुद्धची शपथ घेतल्यावाचून त्यांना सभागृहात बसता येईना. यादवीच्या भयाने वेलिंग्टनने राजाचे मन वळविले. विरोधक लॉर्ड विंचिल्सीशी द्वंद्वही केले. एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. मात्र सोबतच्या कायद्याने आयर्लंडमधील असंख्य गरीब कुळांचा मताधिकार गेला.

ज्या हाताने आमची भूमी विभागली, त्यानेच आमच्या धर्मबांधवांची बेडी तोडली. भयापोटी दिलेला न्यायही न्यायच. पण त्याची किंमत दुबळ्यांनी का मोजावी, हे आम्ही विसरता कामा नये.