चार तोळ्यांची मोटार

आमच्या घरी 1982 साली दोन नग आले. एक मी आणि दुसरी मोटार. दोघांनाही सकाळी उठवायला फार त्रास पडे, दोघंही कुठेही, कधीही अडून बसत असू आणि दोघांचाही खर्च आप्पांनी एकाच वहीत मांडून ठेवला आहे. फरक एवढाच, की मी नवा होतो आणि मोटार चौदा वर्षांची होती. पहिल्या दोन वर्षांत माझ्यावर झालेला खर्च तिच्यावरच्या खर्चाच्या निम्मादेखील नाही. हे वहीत वाचल्यावर लहानपणी मला वाईट वाटलं होतं. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, तेव्हा आणखी वाईट वाटलं.

मोटारीचं नाव मी सांगणार नाही. त्या काळी आपल्या देशात मोटारींची घराणी मोजून तीन. त्यातल्या एकाचा उगाच उद्धार कशाला करायचा? शिवाय दोष घराण्याचा नव्हताच. चौदा वर्षं, तीन मालक आणि सोलापूरचे चौदा उन्हाळे सोसल्यावर कुणालाही खोकला लागणारच. जाणकारांना पुढे वाचता वाचता नाव ओळखता आलं तर त्यांनी ते मनातच ठेवावं.

या मोटारीसाठी आप्पांनी आईच्या पाटल्या मोडल्या. चार तोळ्यांच्या, माहेरून आलेल्या. आणि मूळ मालकाने 1968 साली जी रक्कम भरली होती, तिच्यापेक्षा जास्त रक्कम मोजून ती आणली. मूळ पावती अजून वहीत आहे, म्हणून तर हे कळलं. आप्पा व्यवसायाने हिशेबनीस. दुसऱ्यांच्या वहीतला चार आण्यांचा फरक शोधायला रात्र जागवणारा माणूस. अशा माणसाला ही बुद्धी का झाली? आई याचं उत्तर एका शब्दात देते, पण तो शब्द छापण्याजोगा नाही. मला विचाराल तर त्यासाठी थोडा इतिहासात शिरायला हवं.

स्वातंत्र्यापूर्वी मोटार म्हणजे साहेबी वस्तू. ती परदेशातून सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून यायची आणि इथे जोडली जायची. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईला हे काम सुरू केलं होतं. मग आपल्या लोकांच्या मनात आलं, की नुसते स्क्रू आवळत काय बसायचं? 1942 साली बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्स काढली. 1944 साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना घातला. वालचंदशेट आमच्या सोलापूरचे, जन्म 1882. इथे सोलापूरकराची मान जरा ताठ होते, ती होऊ द्यावी. या माणसाने जहाजं केली, बंगलोरला विमानाचा कारखाना उभारला आणि मोटारही केली. जमीन, पाणी, आकाश, एकही वाट सोडली नाही. ‘सोलापूरची चादर’ एवढ्यावरच आमची बोळवण करणाऱ्या पुणेकरांनी हे लक्षात ठेवावं. तिसरं घराणं मद्रासचं, स्टँडर्ड.

1953 साली सरकारने धोरण ठरवलं, की जो इथे खरोखर मोटार बनवेल त्यानेच राहावं, नुसत्या जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. 1954 साली जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघंही निघून गेले. परकीय चलनाचा खडखडाट होता, मोटार ही चैनीची वस्तू ठरली आणि वर्षाला किती गाड्या काढायच्या याचंही लायसन्स आलं. यात सरकारचं सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. एस.टी.ला लोंबकळणाऱ्याने मोटारवाल्यासाठी किती टिपं गाळावीत? पण झालं असं, की विलायतेत जी मॉरिस ऑक्सफर्ड तीन-चार वर्षांत म्हातारी ठरून बाद झाली, ती आपल्याकडे 1957 च्या सुमारास अँबॅसडर म्हणून आली आणि थेट 2014 पर्यंत चालली. इटलीतली फियाट अकराशे तिकडे 1969 साली आटोपली, इकडे 2001 पर्यंत नांदली. मध्ये 1974 साली तिचं नाव पद्मिनी झालं, चितोडच्या राणीचं. लग्नात मुलीचं नाव बदलावं तसं. नाव नवं, स्वभाव तोच.

आता गिऱ्हाईक वाढत होतं आणि गाड्या वाढत नव्हत्या. लागली रांग. मोटारीसाठी नाव नोंदवायचं आणि विसरून जायचं. 1969 साली सरकारने मोटारींच्या किमतीही कायद्याने बांधून टाकल्या. ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. म्हणजे भाव बांधला, पण रांग मोकळीच राहिली. आमच्या बँकेतला शिपाईदेखील सांगेल, की अशा वेळी वरचा पैसा कुठे जातो. तो गेला जुन्या मोटारींच्या बाजारात. नवी गाडी स्वस्त, पण मिळणार कधी ते ब्रह्मदेवाला ठाऊक. जुनी गाडी महाग, पण आज दारात. गाडीबरोबर माणूस दुसऱ्याने रांगेत काढलेली वर्षं विकत घेत होता.

आमच्या कॉलेजात सरांनी घसारा शिकवायला उदाहरण घेतलं ते मोटारीचंच. मोटारीची किंमत दरसाल कमी होत जाते, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “तुझ्या सरांनी 1982 साली मोटार विकत घेतली होती का?”

तर आप्पांचा बेत असा होता. मोटार दोन वर्षं वापरायची. तोवर तिचा भाव आणखी चढणार. मग विकायची, त्यातून पाटल्या सोडवायच्या – सोडवायच्या म्हणजे नव्या करायच्या – आणि वर चार पैसे उरले तर आईला एकदा काश्मीर. त्या वेळच्या बाजाराकडे पाहिलं तर बेतात चूक काढायला जागा नव्हती. आजही एखादं कर्ज-प्रकरण म्हणून ते माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते पुढे पाठवलं असतं.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली सोडतीत नंबर लागलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात दिली. आप्पांनी ही बातमी रेडिओवर ऐकली आणि, आई सांगते, ताटावरून न जेवता उठले. पण लगेच त्यांना धीरही आला, कारण मारुतीलाही रांग लागली. रांग आहे तोवर आपल्या मोटारीला भाव आहे, हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्धांत दरवर्षी थोडा थोडा खचत गेला आणि 1993 साली सरकारने मोटारींचं लायसन्सच उठवलं तेव्हा पार बसला. तोवर मोटारीसाठी विचारायला येणारी माणसं ती चालू होते का एवढंच विचारू लागली होती.

ती चालू व्हायची. हा मुद्दा मला नोंदवून ठेवायचा आहे. चालू व्हायची, आणि मग थांबायची. त्याला शास्त्रीय कारण होतं. या जुन्या मोटारींत टाकीतलं पेट्रोल ओढायला इंजिनाच्या अंगाशीच एक छोटा पंप असे. मे महिन्यात वरून सोलापूरचं ऊन आणि खालून इंजिनाची धग. नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफ ओढत बसायचा. यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि झाडाखाली बसायचं. तापात माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसं. आमच्या घरी फडक्यांचा एक गठ्ठा ‘मोटारीचा’ म्हणून वेगळा असे. माझे जुने सदरे त्यात जायचे. चौक्यापलीकडे एक चाचांचं गॅरेज होतं. सरळ माणूस. नको ते काम कधी काढलं नाही. आप्पा चिडले की ते म्हणत, “आप्पासाहेब, गाडी खराब न्हाई हो. दमलीय.”

सोलापूरहून तुळजापूर 45 किलोमीटर. दरवर्षी मे महिन्यात आम्ही देवीला मोटारीने जात असू. वेळ तीन तास ते सूर्यास्त, यांच्या मधला. एका वर्षी तामलवाडीला तिसऱ्यांदा फडकं ठेवायची वेळ आली तेव्हा आई काही न बोलता खाली उतरली, हात दाखवून एस.टी. थांबवली आणि निघून गेली. आम्ही मजल दरमजल करीत दुपारी घाटापर्यंत पोचलो. घाटात पुन्हा बॉनेट उघडून आप्पा आत वाकले होते, तोच वरून एस.टी. हळूहळू उतरत आली. खिडकीत आई. दर्शन करून परत निघालेली. तिने खिडकीतून प्रसादाची पुडी माझ्या हातात टाकली आणि विचारलं, “रात्री भाकरी टाकू का भात लावू?” आप्पांनी मान वर केली नाही.

या प्रसंगावर आमच्या घरी तीस वर्षं लोक हसले. आप्पाही हसत. पण हसून झाल्यावर ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आप्पा 2009 साली गेले. त्यानंतर वही माझ्याकडे आली. मोटारीचं खातं अर्ध्या वहीत पसरलं आहे: प्लग, पॉइंट, क्लच-प्लेट, रीबोअरिंग, फडकी. मागच्या बाजूला मात्र एकच खातं, एका पानाचं. वर लिहिलंय, ‘सौ.चे देणे’. खाली 1982 च्या दिवाळी पाडव्याची पहिली नोंद: ‘पाटल्या, 4 तोळे.’ मग 1983 चा पाडवा: ‘मागील बाकी, 4 तोळे.’ 1984: ‘मागील बाकी, 4 तोळे.’ एकही पाडवा चुकलेला नाही. शेवटची नोंद 2008 ची, अक्षर जरा थरथरलेलं. एवढा पक्का हिशेबनीस, पण हे एक खातं त्यांनी रुपयांत मांडलं नाही. रुपयाला उतार आहे हे त्यांना ठाऊक होतं. रुपयांत मांडलं असतं तर दोन पगारवाढींत फिटून गेलं असतं, आणि त्यांना ते तसं फिटवायचं नव्हतं.

मी गेली काही वर्षं सोनेतारणाच्या टेबलावर आहे. रोज दोन-चार पाटल्या माझ्यासमोर काट्यावर चढतात. वजन लिहितो, पावती देतो. समोरच्या बाईचे हात मात्र पाहत नाही.

मोटार अंगणात कडुलिंबाखाली उभी आहे. टायर केव्हाच जमिनीला टेकले. आईचं आणि तिचं आता बरं जमतं. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो, की टपावर घातलेल्या कुरडया दुपारपर्यंत खडखडीत वाळतात. सांडगे बॉनेटवर. मागच्या सीटवर बसून आई भाजी निवडते. म्हणते, इथे माश्या येत नाहीत.

30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा जिकडे तिकडे हळवे लेख आले. ज्यांनी जन्मात मोटार ढकलली नव्हती त्यांचे डोळे अधिक पाणावले होते. मग जुन्या मोटारींचे शौकीन गावोगाव हिंडू लागले. त्यांतले एक पुण्याचे गृहस्थ 2025 साली, सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं त्याच उन्हाळ्यात, आमच्या अंगणात उगवले. मोटारीला प्रदक्षिणा घातली. स्टिअरिंगवरून हात फिरवला. कुरडया चुकवून टपावर बोट टेकलं आणि म्हणाले, “अडीच लाख देतो.”

माझं घसाऱ्याचं सगळं शिक्षण त्या क्षणी कोलमडलं. मी हो म्हणणार, एवढ्यात मागच्या सीटवरून आईचा आवाज आला.

“तोळा कितीला आहे रे आज?”

मी सांगितलं.

“आणि तो दहा ग्रॅमचा झाला ना आता? माझ्या पाटल्या जुन्या तोळ्याच्या होत्या. साडेअकरा ग्रॅमच्या वर भरायचा तो.” मेथीची जुडी मांडीवर तशीच ठेवून तिने बोटांच्या पेरांवर हिशेब केला. हिशेबनिसाची बायको. आकडा माझ्याआधी तिला आला.

“दोन तोळे कमी पडतात की हो,” ती पाहुण्यांना म्हणाली. “बसा, चहा टाकते. तेवढं दार लावून घ्या, मेथी वाळेल.”