गिटारच्या पोटातील पट्ट्या

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले, आणि लोकभाषेतील गीतांच्या पाठोपाठ गिटारही हळूहळू आपल्या मंदिरांत आली. आज मोशी-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात स्थिरावलेल्या कुटुंबांतही ती आढळते. तिच्या गोल छिद्रातून बोटे आत घातली की वरच्या फळीला चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या हाताला लागतात. त्या बहुतेकांनी कधी पाहिलेल्याही नसतात.

तंतुवाद्यांचे आपले माहेरघर मिरज. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांनी तेथे या कलेचा पाया घातला आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. मिरजेची तबली बाकदार असते. भार पेलण्याचे बळ तिला त्या बाकातून मिळते. गिटारची वरची फळी मात्र जवळजवळ सपाट, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची. पोलादी तारांचा एकूण ताण सत्तर किलोंच्या पुढे जातो. आधाराविना ती छिद्रापाशी खचेल आणि घोडीमागे फुगेल. आधार फार दिला, तर नाद गुदमरेल. गिटारकाराची सारी कसोटी या दोहोंमधील चिंचोळ्या जागेत लागते.

स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) मूळचा सुतार. पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांची रचना त्याने परिपूर्ण केली. नाद वरच्या फळीतूनच येतो हे दाखविण्यासाठी १८६२ साली त्याने पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या असलेली गिटार घडवली! तिकडे सॅक्सनीत गिटार कोणी करावी यावरून व्हायोलिनकार व सुतार यांच्या संघांत तंटा पेटला होता. सुतारांच्या बाजूचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ साली अमेरिकेस गेला आणि पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाला. (सुताराला याहून शोभेसे गाव कोणते?) फुलीच्या आकाराच्या पट्ट्या त्याने १८४०च्या दशकात वापरल्या. पुढे पोलादी तारा आल्या, तेव्हा तो ताण याच फुलीने पेलला.

पट्टीचे गणित मोठे गमतीचे आहे. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. उंची दुप्पट केली तर आठपट! म्हणूनच उंचीतून दहावा भाग तासला, की सुमारे सत्तावीस टक्के ताठपणा जातो. लाकडाचे तंतू पट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत अखंड हवेत, यासाठी जाणते कारागीर ते करवतीने कापण्याऐवजी चिरफळतात. मग पट्टी फळीला चिकटवून पटाशीने थोडी तासायची, फळीवर बोटाने टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा तासायचे. टोके निमुळती, काही वेळा मधला भागही खोलगट. जड तारांनी फळ्या फुगू लागल्या, तेव्हा मार्टिन कंपनीने १९४४ साली ही खोलगट घडण सोडली. जुन्या वाद्यांचा मोकळा नाद मात्र वादक विसरले नाहीत, आणि १९७६ साली ती परत आणावी लागली.

गायनवृंदांना येथे एक सांगावेसे वाटते. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर केवळ मोठ्या आवाजाच्या हौसेने पोलादी तारा चढवू नयेत. तिच्या पोटात तोरेसचा नाजूक पंखा असतो; काही महिन्यांत घोडी पुढे झुकते, मागची फळी उचलते, आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा वाद्याच्या किमतीहून अधिक होतो.